बुणग्यांचे नाटक कोण लिहिणार?

महाविद्यालयात असताना आमच्या स्नेहसंमेलनात पानिपतच्या प्रसंगावरचा एक प्रवेश बसवला होता. भाऊसाहेब, मल्हारराव, इब्राहिमखान या भूमिका शहरातल्या ओळखीच्या आडनावांकडे गेल्या. वसतिगृहातल्या आम्हा चौघांच्या हाती भाले देऊन आम्हाला पडद्याच्या कडेला उभे केले. पात्रयादीत आम्ही ‘शिपाई एक’पासून ‘शिपाई चार’पर्यंत होतो. संवाद एकच, तोही चौघांनी मिळून म्हणायचा : ‘हर हर महादेव’. एका तालमीत मी बसवणाऱ्या सरांना विचारले, “सर, हे चौघे घरदार सोडून इतक्या लांब कशाला आले?” सर म्हणाले, “तुला कशाला त्या चौकशा? भाला सरळ धर.”

भाला सरळ धरला. प्रश्न मात्र तसाच राहिला. पुढे जळगाव-धुळ्याकडे जी ऐतिहासिक नाटके पाहायला मिळाली, जी वाचली, त्यांत मी या प्रश्नाचे उत्तर शोधत राहिलो. नेते युद्धात कसे ओढले जातात, हे आपल्या रंगभूमीने पुष्कळ दाखवले आहे. नेत्यांच्या पाठोपाठ जी माणसे ओढली जातात, त्यांचे काय होते हे तिने फारसे विचारलेले नाही. हा लेख या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे.

मराठी ऐतिहासिक नाटकाचा आणि पानिपतचा संबंध जन्माचा आहे. विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ हे नाटक १८६१ सालचे. पानिपतला त्या वर्षी शंभर वर्षे झाली होती. एका मोठ्या पराभवानंतर राज्य सावरणारा तरुण पेशवा हा मराठीतल्या पहिल्या स्वतंत्र ऐतिहासिक नाटकाचा नायक व्हावा, याचा अर्थ उघड आहे. राज्य गमावलेल्या वर्गाला रंगभूमीवर ते परत हवे होते. त्याआधी सहा वर्षे, १८५५ साली, जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ लिहिले होते. त्यात पेशवा नाही, तलवार नाही. एक गरीब कुणबी आहे, त्याची गर्भार बायको आहे, त्यांना लुबाडणारा जोशी आहे, आणि प्रेक्षकांच्या बाजूने सारखा मधे बोलणारा विदूषक आहे. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले. ते छापून लोकांपुढे आले १९७९ साली. म्हणजे कुणब्याच्या नाटकाला सव्वाशे वर्षे वाट पाहावी लागली आणि पेशव्याच्या नाटकाला रंगमंच मिळाला. मराठी नाटकाच्या इतिहासाची सुरुवात कुठून मोजायची हा वाद पंडितांनी घालावा. आपण एवढेच लक्षात ठेवू की निवड त्याच वेळी झालेली होती.

पानिपतच्या कथेला धुळ्याचेही एक नाते आहे. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तो पानिपतच्या काळातल्या पत्रांचा. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात वारले, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ पासून धुळ्यात उभे आहे. बखरींनी भाऊसाहेबांना हेकट, गर्विष्ठ ठरवले होते. रघुनाथ यादवाची बखर तर गोपिकाबाईंच्या आज्ञेवरून लिहिलेली. मुलगा गमावलेल्या आईला दोष कोणावर तरी ठेवायचा होता. राजवाड्यांनी पत्रे पुढे आणली आणि त्या दोषारोपाची पुन्हा तपासणी सुरू झाली. पुढे त्र्यं. शं. शेजवलकरांनी पानिपतवर इंग्रजीत १९४६ साली आणि मराठीत १९६१ साली ग्रंथ लिहिले. विश्वास पाटलांची ‘पानिपत’ ही कादंबरी १९८८ साली आली. तिच्याच आधाराने त्यांनी ‘रणांगण’ हे नाटक लिहिले आणि वामन केंद्रे यांनी ते रंगभूमीवर आणले.

‘रणांगण’चे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पानिपत म्हणजे दोन संक्रांतीतला अपशकुन आणि भाऊसाहेबांची ऐट, ही घरोघरची समजूत या कादंबरीने आणि नाटकाने मोडली. युद्ध हे शौर्याने सुरू होत नाही, ते करारांनी आणि कर्जांनी सुरू होते, हे त्यामुळे सर्वसाधारण प्रेक्षकापर्यंत गेले. १७५२ च्या करारात मराठ्यांनी दिल्लीच्या बादशहाचे रक्षण अंगावर घेतले. १७५८ साली राघोबादादा लाहोरपर्यंत गेले आणि खंडणीऐवजी कर्ज घेऊन परतले. जानेवारी १७६० मध्ये बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले. यानंतर पुण्याला थांबणे शक्य नव्हते. उदगीरच्या विजयाची धूळ अंगावर असतानाच मार्च १७६० मध्ये भाऊसाहेब परतूडहून निघाले. तापी बऱ्हाणपूरला ओलांडली, आणि ते बऱ्हाणपूर म्हणजे जुन्या खानदेश सुभ्याची राजधानी. तेथून नर्मदा, चंबळ, ऑगस्टमध्ये दिल्ली, ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा. प्रत्येक टप्प्यावर मागे वळण्याची किंमत पुढे जाण्यापेक्षा मोठी वाटत गेली. कोणताही नेता युद्धात असाच ओढला जातो. एकदम उडी कोणी घेत नाही. पाऊल पाऊल टाकतो, आणि प्रत्येक पाऊल त्याला शहाणपणाचेच वाटते.

नाटक म्हणून यात भरपूर द्रव्य आहे. मल्हारराव होळकर सांगतात, जड तोफा आणि बायकामुले मागे ठेवा, गनिमी काव्याने लढा. सूरजमल जाट तेच सांगतो आणि ऐकले जात नाही म्हणून निघून जातो. इब्राहिमखान गारदी आपल्या पायदळावर आणि तोफांवर गोलाची लढाई मागतो. दिल्लीत पैसा संपला म्हणून दिवाण-ए-खासचे चांदीचे छत काढून त्याचे रुपये पाडले जातात. दोन चांगल्या माणसांची दोन बरोबर मते एकमेकांवर आदळतात, आणि नाटक उभे राहते. युद्धपरिषदेचा प्रवेश हा अशा नाटकाचा कणा असतो.

पण परिषदेत कोण बसले आहे? अडचण इथून सुरू होते.

पानिपतवर बोलताना इतिहासकारापासून कीर्तनकारापर्यंत सगळे एक शब्द वापरतात : बुणगे. लष्कराबरोबर जाणारी, पण न लढणारी माणसे आणि त्यांचे सामानसुमान, ते बुणगे. पानिपतच्या छावणीत त्यांची संख्या लढणाऱ्यांहून अधिक होती. सरदारांच्या बायका होत्या, कुरुक्षेत्र-काशीच्या यात्रेच्या आशेने निघालेले यात्रेकरू होते, सावकार आणि व्यापारी होते. पण एवढ्याने बुणगे संपत नाहीत. घोड्याला खरारा करणारा मोतद्दार, पखालीने पाणी भरणारा, नाल ठोकणारा, खोगीर शिवणारा, दोर वळणारा, पालखी वाहणारा भोई, खंदक खणणारा बेलदार, बैलांच्या पाठीवर धान्य घेऊन चालणारा बंजारा, गवत कापून भारे आणणारी बाई, मेलेले जनावर ओढून नेणारा माणूस, हे सगळे बुणगेच. या कामांची नावे घेतली की जातींची नावे आपोआप तोंडावर येतात. मुद्दाम यादी करण्याची गरज नाही.

आता पानिपतची रूढ कथा पाहा. बुणगे होते म्हणून सैन्याची चाल मंदावली. बुणगे होते म्हणून धान्य संपले. बुणगे होते म्हणून गोलाची लढाई करावी लागली, कारण त्यांना मधे घालून दिल्लीकडे सरकायचे होते. थोडक्यात, बुणगे हे पराभवाचे कारण. ज्यांना परिषदेत बोलावले नाही, ज्यांना युद्ध हवे का म्हणून कोणी विचारले नाही, त्यांच्या माथ्यावर पराभव ठेवून कथा मोकळी होते. भाऊसाहेबांवरचा डाग धुवायला जे पाणी लागले, ते पुन्हा पखालवाल्यानेच भरून द्यायचे, असा हा व्यवहार आहे.

भाषेनेही या व्यवहारावर शिक्का मारलेला आहे. ‘बाजारबुणगे’ हा शब्द मराठीत शिवी म्हणून चालतो. सभेला आलेल्या गोरगरिबांची हेटाळणी करायची तर पुढारी तोच शब्द वापरतात, वर्तमानपत्रेही वापरतात. अडीच शतकांपूर्वी जो सैन्याच्या पोटासाठी राबला त्याचे नाव आज नालायक माणसाचे नाव झाले. एखाद्या समाजाच्या मनात श्रमाची काय किंमत आहे, हे पाहायचे तर त्याच्या शिव्या पाहाव्यात.

मी ‘रणांगण’ आणि त्याच्या परंपरेतल्या पानिपतच्या नाट्यकथेवर आक्षेप घेतो तो इथे. या कथेने नायक बदलला, दोषी बदलला, पण पाहण्याची जागा बदलली नाही. आपण अजून तंबूच्या आतूनच पाहतो. भाऊंच्या मनात काय चालले आहे ते कळते, पार्वतीबाईंचे दुःख कळते, मल्हाररावांचा हिशेब कळतो. तंबूबाहेर थंडीत जनावरे राखणाऱ्याच्या मनात काय होते, ते कळत नाही. अखेरच्या आठवड्यांत छावणीत चारा नव्हता, धान्य नव्हते, जनावरे पटापट मरत होती. त्या छावणीतल्या दुर्गंधीचे उल्लेख तत्कालीन वृत्तांतांतून येतात. दुर्गंधी इतिहासात आली. मढी ओढणारे हात आले नाहीत.

कोणी म्हणेल, त्या माणसांची पत्रे नाहीत, साधने नाहीत, मग नाटककाराने काय करावे? हा युक्तिवाद इतिहासकाराच्या तोंडी शोभतो, नाटककाराच्या नाही. मध्यरात्री भाऊ पार्वतीबाईंशी काय बोलले, याचे तरी कोणते साधन आहे? ते संवाद कल्पनेने लिहिता येतात, आणि पखालवाल्याचे लिहिता येत नाहीत, असे का? साधनांची उणीव ही सबब आहे. खरी उणीव सहानुभूतीची, आणि त्याहून अधिक ओळखीची आहे. ज्याच्या घरात पखाल वाहिली गेली नाही, त्याला पखालीचे वजन माहीत नसते. इथे वामन केंद्र्यांचे नाव पुन्हा घेतले पाहिजे. याच दिग्दर्शकाने उत्तम बंडू तुपे यांच्या ‘झुलवा’ या कादंबरीवरचे, चेतन दातारांनी लिहिलेले नाटक रंगभूमीवर आणले होते. जोगत्या-जोगतिणींचे जग तिथे कोपऱ्यात भाले धरून उभे नव्हते, ते मधोमध होते. त्यामुळे प्रश्न कुवतीचा नाही. कुवत होती. पेशव्यांच्या विषयात शिरले की रंगभूमीच आपल्याला तंबूच्या आत ओढून घेते.

पानिपतची एक गोष्ट भाषणांतून वारंवार सांगितली जाते. अब्दालीने रात्री मराठ्यांच्या छावणीत जागोजाग पेटलेल्या चुली पाहिल्या. एवढ्या चुली का, असे विचारता त्याला कळले की हे लोक जातीजातीने वेगळे शिजवतात. मग तो म्हणाला की लढाई आपण जिंकलीच. ही गोष्ट इतिहास म्हणून धरायला आधार नाही. ती मागाहून रचलेली दिसते. पण रचणाऱ्याला काहीतरी बोचत होते म्हणून त्याने ती रचली. गंमत अशी की ही गोष्ट ‘एकी करा’ असे सांगण्यासाठी वापरतात, जात मोडा असे सांगण्यासाठी नाही. चुली शेजारी आणायच्या आहेत, एक करायच्या नाहीत.

तिला जोडून आपल्याकडे दुसरी एक हकीगत सांगतात, ती १७९५ च्या खर्ड्याच्या स्वारीतली. शिदनाक महाराने आपला तंबू इतर सरदारांच्या तंबूंजवळ ठोकला. त्याला हरकत घेतली गेली. तेव्हा एका वडीलधाऱ्या सरदाराने निवाडा दिला की ही जेवणाची पंगत नाही, हे रणांगण आहे, इथे तलवार चालवणाऱ्याची जात पाहू नये. ही हकीगत आपले लोक अभिमानाने सांगतात. मला ती ऐकताना दुसरेच वाटते. निवाड्याचा अर्थ असा की मरायच्या जागी तू आमच्याबरोबर चालशील, जेवायच्या जागी नाही. नाटक या एका निवाड्यावर उभे राहू शकते. त्याला पानिपतएवढा खर्च लागणार नाही. एक तंबू पुरे.

बाहेरच्या जगात हा प्रश्न नाटककारांनी कसा सोडवला, तेही पाहू. इराकवरच्या युद्धावर इंग्रज नाटककार डेव्हिड हेअर यांचे ‘स्टफ हॅपन्स’ हे नाटक २००४ साली लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये झाले. बुश, ब्लेअर, पॉवेल, रम्सफेल्ड ही जिवंत माणसे त्यात पात्रे होती. युद्धाविरुद्ध लंडनच्या रस्त्यावर लाखो लोक उतरले असतानाही ब्लेअर त्या युद्धात कसे गेले, पॉवेलसारखा शंका असलेला माणूस अखेर कसा मान तुकवतो, हे त्यात बैठकींमागून बैठका दाखवत उलगडते. नाटकाचे नावच बगदादच्या लुटीबद्दल रम्सफेल्डने काढलेल्या बेपर्वा उद्गारातून घेतलेले आहे. हेही नेत्यांचेच नाटक, परिषदांचेच नाटक. पण त्याच्या अखेरीस परागंदा झालेला एक इराकी माणूस येतो. त्याला नावही नाही. नेते गेल्यावर तो आपल्या देशाबद्दल आणि आपल्या मेलेल्यांबद्दल बोलतो. एकच माणूस, तोही शेवटी. पण त्याच्या बोलण्याने आधीच्या सगळ्या परिषदा उघड्या पडतात.

ग्रीकांनी हे फार आधी केले होते. अथेन्सच्या सैन्याने मेलॉस बेटावरचे पुरुष मारले, बायकामुले गुलाम केली, आणि लगेच इ.स.पू. ४१५ मध्ये युरिपिडिसने त्याच अथेन्समध्ये ‘ट्रोजन विमेन’ सादर केले. जिंकणाऱ्या शहराला त्याने हरलेल्या बायकांसमोर बसवले. पानिपतनंतर हजारो बायका-मुले गुलाम म्हणून नेली गेली, कित्येक कैदी दुसऱ्या दिवशी कापले गेले. वाचलेल्यांना सूरजमल जाटाच्या मुलखात अन्नवस्त्र मिळाले. भाऊंचा सल्लागार म्हणून ज्याचे ऐकले नाही त्यानेच शेवटी बुणग्यांना वाचवले. एवढे मोठे नाट्य मराठीत पडलेले आहे, आणि आपला पडदा मात्र विश्वासरावांना गोळी लागली, भाऊ गर्दीत नाहीसे झाले की खाली येतो. बुणग्यांची कथा पडदा पडल्यावर सुरू होते.

आता खानदेशाकडे येऊ. आपल्याकडे असे युद्ध झाले नाही काय? झाले, आणि त्याचे घाव जास्त खोल आहेत. १८०२ साली यशवंतराव होळकर, शिंदे आणि पेशवे यांच्या भांडणात होळकरांच्या फौजांनी खानदेश तुडवला. पाठोपाठ १८०४ पर्यंत दुष्काळ. गावे ओस पडली, शेतात रान माजले. १८१८ साली कंपनी सरकारने खानदेश घेतला तेव्हा जमिनीचा मोठा हिस्सा पडीक होता आणि रानात वाघ माजले होते. डोंगरात गेलेल्या भिल्लांना आधी दरोडेखोर ठरवून मारले, मग १८२५ साली धरणगावला औट्रमच्या हाताखाली भिल्लांचीच पलटण उभारली. ज्यांची शिकार केली त्यांनाच शिकारी केले. ही सगळी नेत्यांच्या युद्धाची आमच्या मुलखातली जमाबंदी आहे.

आणि या युद्धाचा एक घाव थाळनेरला बसला. डिसेंबर १८१७ मध्ये होळकरांच्या दरबारात तुळसाबाई कारभार पाहत होती. इंग्रजांशी बोलणी करावी असा तिचा कल होता. सरदारांना लढाई हवी होती, काहींना पगार थकल्याची चीड होती, काहींचे आतून वेगळेच चालले होते. महिदपूरच्या लढाईच्या तोंडावर तिला क्षिप्रेच्या काठी नेऊन मारले. अकरा वर्षांच्या मल्हाररावाला पुढे करून २१ डिसेंबरला लढाई झाली आणि होळकर हरले. जानेवारीत मंदसोरचा तह झाला. तहात होळकरांनी खानदेशातले किल्ले सोडले. त्यांत तापीकाठचे थाळनेरही होते. २७ फेब्रुवारी १८१८ ला सर थॉमस हिस्लॉपची फौज किल्ल्यापुढे आली. किल्लेदार तुळशीराम स्वतः बाहेर येऊन स्वाधीन झाला, पण आतल्या शिबंदीचे आणि इंग्रज अधिकाऱ्यांचे दरवाजात बोलणे फिसकटले. एकमेकांची भाषा कळत नव्हती. झटापट झाली, दोन गोरे अधिकारी पडले. मग आतली सुमारे तीनशे माणसे कापली गेली आणि किल्लेदाराला फासावर चढवले. इंग्लंडातसुद्धा या कृत्यावर वाद झाला.

राजाने तह केला आहे, त्या तहाने आपला किल्ला आधीच विकला गेला आहे, आणि दरवाजात उभ्या असलेल्या शिपायाला समोरच्याची भाषा कळत नाही. यापेक्षा मोठी शोकांतिका नाटककाराला कोणती हवी? शिरपूर तालुक्यात तो किल्ला आहे. तापीच्या पुरांनी त्याचा बराच भाग खाल्ला आहे. हे नाटक पुण्याच्या मराठीत लिहिले तर फसेल. दरवाजातला शिपाई अहिराणी बोलला पाहिजे, किंवा अरबी, आणि प्रेक्षकालाही अर्धे कळू नये. कळत नाही म्हणून माणसे मेली, हा अनुभव प्रेक्षकाच्या अंगावर आला पाहिजे.

इथवर मी दुसऱ्यांना बोललो. आता आपल्या घरातले बोलले पाहिजे, नाहीतर ही टीका सोयीची होईल. थाळनेर आणि भीमा-कोरेगाव या एकाच युद्धातल्या घटना आहेत. मधे दोन महिन्यांचेही अंतर नाही. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला कंपनीच्या पलटणीत महार शिपाई लढले, त्यांची ‘नाक’ लागलेली नावे स्तंभावर कोरली गेली. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब त्या स्तंभापुढे उभे राहिले. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या बिल्ल्यावर तो स्तंभ होता. आमच्या घरात चुलत्यांचा असा बिल्ला होता. लहानपणी तो हातात घेतला की छाती फुगायची. आजही फुगते. पण लेखकाने फुगलेल्या छातीनेच लिहायचे ठरवले, तर तो पेशव्यांच्या नाटककाराचीच नक्कल करील. भाऊसाहेबांच्या जागी आपला सरदार, परिषदेच्या जागी आपली परिषद, आणि कडेला पुन्हा चार भाले. त्या शिपायांना कंपनी काय देत होती आणि काय घेत होती, १८९० नंतर त्याच सरकारने महारांची भरती बंद केली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांना अर्ज का लिहावा लागला, १९१७ साली १११ वी महार पलटण उभारून १९२१ साली ती का मोडली, हे सगळे त्या नाटकात आले पाहिजे. वापरले आणि टाकले, हे पेशव्यांनी केले तर अन्याय आणि साहेबाने केले तर उपकार, असा दुटप्पी हिशेब आपल्या साहित्याला परवडणार नाही.

याहून अवघड विषय आहे तो बाबासाहेबांचाच. १९३६ च्या डिसेंबरात आपल्याच जिल्ह्यात, फैजपूरला, काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले. साम्राज्यशाहीच्या युद्धात हिंदुस्थानने पडू नये, असा सूर तिथे निघाला. १९३९ साली व्हाइसरॉयने कोणाला न विचारता हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले. काँग्रेसची मंत्रिमंडळे बाहेर पडली. आणि बाबासाहेबांनी भरतीला पाठिंबा दिला, जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. लोकांना नको असलेल्या युद्धात ते का उतरले? हिटलर जिंकला तर माणसाच्या समतेचे काय होईल, हे त्यांना दिसत होते. पलटणीत जागा नसलेल्या समाजाला देशात जागा मिळत नाही, हेही त्यांना दिसत होते. आणि शिव्या पडणार, हेही ठाऊक होते. या तीन गोष्टी घेऊन एक माणूस रात्री एकटा बसला आहे, हा प्रवेश लिहायला हिंमत लागेल. आपण त्यांची देवपूजा करतो म्हणून तो आपल्याला सुचत नाही, आणि विरोधक त्यांना देशद्रोही म्हणतात म्हणून तो त्यांना दिसत नाही. माझ्या मते मराठीतले नेता-आणि-युद्ध या विषयावरचे सर्वांत मोठे नाटक इथे दडलेले आहे. पण त्यातही भरतीच्या रांगेत उभा असलेला वीस वर्षांचा पोरगा बोलला पाहिजे. पगाराची पहिली मनिऑर्डर घरी आल्यावर त्याची आई काय म्हणते, ते आले पाहिजे. तो नसेल तर बाबासाहेबांच्या निर्णयाचा अर्थच लागणार नाही, कारण तो निर्णय त्याच्यासाठी होता.

रूपाचा प्रश्न कोणी काढील. एवढी फौज, एवढी छावणी रंगमंचावर आणायची कशी? प्रेमानंद गज्वी यांच्या ‘घोटभर पाणी’ने याचे उत्तर केव्हाच दिले आहे. दोन माणसे, त्यांना नावेही नाहीत, आणि साऱ्या भूमिका त्याच दोघांनी करायच्या. पाण्याच्या एका घोटात हजारो वर्षे येतात. आपल्या खानदेशात वहीगायन आहे, तमाशातला वग आहे. त्यातला सोंगाड्या राजालाही टोकतो आणि पाटलालाही. फुल्यांनी विदूषकाला मधे बोलू दिले तेच सूत्र. परिषदेत मल्हारराव आणि भाऊ भांडत असताना तंबूबाहेरचा मोतद्दार सोंगाड्यासारखा प्रेक्षकांकडे वळून बोलू लागला, तर पानिपतचा सगळा अर्थ एका रात्रीत बदलेल. खर्च वाढणार नाही.

जळगावच्या केंद्रावर राज्य नाट्य स्पर्धेला उतरणाऱ्या, धुळ्या-नंदुरबारच्या महाविद्यालयांतून एकांकिका करणाऱ्या आपल्या मुलामुलींना माझे सांगणे एवढेच आहे. नेत्यांवर जरूर लिहा. ते युद्धात कसे ओढले जातात, हे लोकांना कळलेच पाहिजे, कारण उद्याही ते ओढले जातील आणि किंमत आपणच मोजू. पण लिहायला बसल्यावर आधी पात्रयादी पाहा. तिच्यात ‘शिपाई एक’, ‘शिपाई दोन’ अशी नावे आली, तर लेखणी थांबवा आणि त्यांना विचारा, तुमचे गाव कोणते, घरी कोण आहे, तुम्ही इतक्या लांब कशाला आलात. त्यांनी उत्तर दिल्यावरच पुढचा प्रवेश लिहा.